ताई टिकते का?

पाळणाघर निवडायची आपली एक पक्की पद्धत आहे. आधी एसी बघायचा. मग भिंतीवरचा जिराफ. मग कॅमेरे मोजायचे आणि ऑफिसात बसून मोबाईलवर दिसेल ना, हे दोनदा विचारून घ्यायचं. खाऊत मैदा नाही ना, ताई इंग्रजीतून बोलतात ना, फोनिक्स कधीपासून, गॅदरिंग कुठल्या हॉलमध्ये. शेवटी फीचा आकडा ऐकून नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायचं आणि 'हप्त्यांत चालेल का' असं विचारायचं. झाली चौकशी.

एवढा वेळ खोलीच्या कोपऱ्यात एक बाई उभी असते. एक मूल कडेवर, एक ओढणीला लटकलेलं, तिसरं समोर भोकाड पसरून बसलेलं. दिवसाचे नऊ तास आपलं पोर हिच्याचजवळ राहणार असतं. तिचं नाव आपण विचारत नाही, ताई म्हटलं की भागतं. ती इथे किती महिने आहे, तिला हे काम कोणी शिकवलं, तिच्या वाट्याला किती मुलं येतात, महिन्याला तिच्या हातात काय पडतं, यातला एकही प्रश्न आपल्या यादीत नसतो. फ्लॅट घेताना लिफ्ट कुठल्या कंपनीची हे विचारणारी माणसं आपण.

आता पंचाईत अशी, की लहान मुलाच्या वाढीवर पाळणाघराचा काय परिणाम होतो हे ज्यांनी ज्यांनी नेटाने मोजलं, त्यांची मोजणी फिरून फिरून या कोपऱ्यातल्या बाईपाशीच आली. जिराफाचा उल्लेख कुठल्याच अहवालात नाही.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने १९९१ मध्ये एक लांबलचक अभ्यास सुरू केला. दहा ठिकाणची तेराशेहून जास्त मुलं, तान्हेपणापासून थेट मिसरूड फुटण्याच्या वयापर्यंत. मूळ भांडण आपल्या ओळखीचंच होतं: पोर आईजवळ बरं की पाळणाघरात? संशोधक पाळणाघरांत जाऊन बसले आणि टिपत राहिले. बाळाने हुंकार दिला तर कोणी उत्तर देतं का? त्याला कोणी जवळ घेतं का? प्रश्न विचारतं, गाणं म्हणतं, गोष्ट सांगतं? की नुसतंच 'बस खाली' आणि 'गप्प' चाललंय?

निकाल लागला आणि दोन्ही पार्ट्या नाराज झाल्या. नुसतं पाळणाघरात ठेवल्याने मुलाचं आईशी नातं तुटत नाही, त्यामुळे सुनेच्या नोकरीवर टपलेल्या मंडळींची निराशा झाली. मुलावर सगळ्यात मोठा परिणाम घराचाच होतो, त्यामुळे 'एवढी फी भरतोय ना, आता घडवा त्याला' म्हणणारेही हिरमुसले. मग पाळणाघराचं काय? तर जिथे मोठं माणूस मुलाशी बोलतं, त्याला प्रतिसाद देतं, तिथली मुलं भाषेत आणि समजेत थोडी पुढे राहिली. थोडीच. फरक डोंगराएवढा नव्हता, पण टिकला. आणि जी मुलं फार लांब तास पाळणाघरात राहिली, त्यांच्यात हट्ट, मारामारी जराशी जास्त दिसली. हे शेवटचं वाक्य आयटी पार्काशेजारच्या पाळणाघरांनी आपल्या माहितीपत्रकात छापल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणजे बोलणं हा कच्चा माल. आता गणित करू. आपल्या केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणाने प्रमाण सांगितलं आहे: तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस, त्यावरच्या वीस मुलांमागे एक. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक लागतं. आपण दहा धरू. साठ मिनिटं भागिले दहा. दर मुलाला तासाला सहा मिनिटं, त्यात ढुंगण धुणं, डायपर, दूध, शेंबूड आणि चावाचावीचा निवाडा आला. उरलेल्या वेळात तिने हुंकाराला उत्तर द्यायचं. आणि हे कागदावरचं प्रमाण झालं. प्रत्यक्षात दुसरी ताई आज आलेली नसते.

दुसरी ताई का आलेली नसते? कारण ती सोडून गेली. शेजारच्या मॉलमध्ये हजार-दोन हजार जास्त मिळतात, दुपारी बसून जेवता येतं, आणि कोणी अंगावर ओकत नाही. का जाऊ नये तिने? इकडे वर्ष-दीड वर्षाच्या पोराने मोठ्या मुश्किलीने तिचा वास, तिचा आवाज, झोपवताना पाठीवर थोपटायची तिची लय ओळखीची करून घेतलेली असते. सोमवारी नवी ताई. दिवाळीनंतर आणखी नवी. मूल पुन्हा रडायला लागतं, आणि आपण डॉक्टरांना विचारतो, दात येत असतील का?

कॅमेऱ्याबद्दल चार शब्द. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, कॅमेऱ्यात दिसली, आणि महाराष्ट्रातल्या आईबापांची झोप उडाली. उडायलाच हवी होती. कॅमेरा हवाच. पण कॅमेऱ्याला थप्पड दिसते, अबोला दिसत नाही. दुपारी तीनला मीटिंगमधून हळूच मोबाईल उघडावा, तर पोर भिंतीला टेकून शांत बसलेलं. 'बघ किती शहाणं झालंय!' आपण खूश. ते सकाळपासून कोणाशी बोललंय का, ते मात्र त्या चित्रात येत नाही.

शांततेची मला जरा भीतीच वाटते. त्याचं कारण रोमानिया. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, पोरं वाढली, पोसवेनात, आणि हजारोंनी सरकारी अनाथालयांत जाऊन पडली. पुढे २००० मध्ये अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवलं. अनाथालयांच्या खोल्यांत संशोधकांना सगळ्यात आधी खटकली ती शांतता. ओळीने पाळणे, पाळण्यांत बाळं, आणि रडणं नाही. रडून कोणी येत नाही, हे ती बाळं शिकून चुकली होती. खाणं मिळत होतं, गादी होती, छप्पर होतं. मेंदूच्या तपासण्यांत मात्र तूट स्पष्ट दिसली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं बरीच सावरली, उशीर झालेली तितकी नाहीत. आपलं पाळणाघर म्हणजे रोमानियाचं अनाथालय नव्हे, उगाच छातीत धडधड करून घेऊ नका. पण 'आमच्याकडे मुलं अजिबात आवाज करत नाहीत' असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर चपला घालून दुसरं पाळणाघर बघायला निघा.

मेंदूचा विषय निघालाच आहे, तर आता ८५ टक्के. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एक वाक्य आलं, की मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. धोरणाला म्हणायचं होतं की या वयात खेळू द्या, बोला, खाऊ घाला. गल्लोगल्लीच्या प्री-स्कूलवाल्यांनी त्याचा अर्थ लावला की सहाव्या वाढदिवसाच्या आत टाकी भरून घ्या. म्हणून अडीच वर्षांच्या पोराला वर्कशीट. तीन वर्षांच्याला गृहपाठ. धड पेन्सिल धरता येत नाही त्याला कर्सिव्ह. लहानग्यांच्या प्रवेशपरीक्षा आणि मुलाखती बंद करायला महाराष्ट्राने १९९६ मध्येच कायदा केला, त्यामुळे आता मुलाखती होत नाहीत. फक्त 'इंटरॅक्शन' होतं. त्यासाठी आई आठवडाभर पोराकडून फळांची नावं घोटून घेते, आणि पोर ऐन वेळी सफरचंदाला 'बॉल' म्हणतं. त्याचं काही चुकलेलं नसतं.

लवकर शाळा सुरू केली की काय होतं, तेही बघा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने सरकारी बालवर्ग काढले. अर्ज जास्त आले, म्हणून जिथे चिठ्ठ्यांनी प्रवेश झाले तिथली मुलं संशोधकांनी पुढे सहावीपर्यंत पाहिली. २०२२ मध्ये निकाल छापून आला. प्रवेश मिळालेली मुलं गुणांत मागे आणि शिस्तीच्या तक्रारींत पुढे! कारणांवर अजून वाद चालू आहेत. चार वर्षांच्या मुलांना रांगेत उभं करणं, बसवून ठेवणं आणि अक्षरं गिरवायला लावणं यावर बोट ठेवणाऱ्यांत ते संशोधकही आहेत. कॅनडातल्या क्वेबेकने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघर देऊन टाकलं. आया भराभर कामाला लागल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जागा वाढवायची घाई एवढी, की दर्जा मागून धापा टाकत आला. २००८ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी मोजलं तेव्हा तिथल्या मुलांत चिंता आणि आक्रमकपणा वाढलेला दिसला. पाळणाघर असणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं. हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागले, ही त्या शास्त्राची शोकांतिका म्हणायची की आपली, ते ठरवा.

आपल्याकडे दर्जाचा प्रश्न यायच्या आधीच मंडळी सावध होतात. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं ते पुढे म्हणत असे. काही कारखान्यांत बायकांची मोजणी तिसावर आली की मुकादमाचं गणित अचानक कच्चं का व्हायचं, ते त्यालाच विचारा. २०१७ मध्ये प्रसूती रजेचा कायदा सुधारला, रजा सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे, असंही त्यात लिहिलं गेलं. आईलाच. बापाने चार वेळा चहाला जायचं. कंपन्यांनी यावर 'टाय-अप' नावाचा तोडगा काढला. पाळणाघर कुठे तरी आहे, त्याचं नाव एचआरच्या ईमेलमध्ये आहे, आणि ते कंपनीपासून इतकं लांब आहे की आईने चार वेळा जायचं म्हटलं तर तिचा दिवस उड्डाणपुलावरच मावळावा.

आणि हे सगळं निदान पत्ता असलेल्यांचं. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर एका बाईला ती सांभाळायला बसवा आणि तिला मजुरी द्या. सोपं, स्वस्त, शहाणपणाचं. ती बाई तुम्हाला कुठे दिसली तर मला कळवा. ऊसतोडीच्या फडात बीडहून आलेल्या मजुरांची पोरं बांधावर झोळीत असतात, आणि झोळीला झोका द्यायला पाच वर्षांची बहीण असते. तिथे प्रमाण एकास एक आहे, इंग्लंडच्याही पुढे.

बरं, चांगला सांभाळ म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असंही नाही. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६ च्या सुमारास वाढ खुंटलेली १२९ मुलं घेऊन एक प्रयोग झाला. आरोग्य केंद्रातली साधी कार्यकर्ती आठवड्यातून तासभर घरी जायची, दोन वर्षं. रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे, चिंध्या यांची खेळणी. ती आईला घेऊन पोराशी खेळायची, बोलायची, आणि आठवडाभर आईने काय खेळायचं ते सांगून परतायची. वीस वर्षांनी त्या पोरांची कमाई मोजली, तर अशी भेट न मिळालेल्यांपेक्षा पाव पट जास्त. ज्यांना फक्त दुधाचा पूरक आहार दिला होता, त्यांच्यात तो फरक टिकला नाही. बालविकास म्हणजे पाकीट वाटणं, असं समजणाऱ्या आपल्या खात्याने हे जमैकाचं प्रकरण भिंतीवर लावून ठेवावं, जिराफाशेजारी.

किंग्स्टनला तरी कशाला जायचं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी चालवू लागल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. दोघींनी पोरांना दोष दिला नाही, पाड्याच्या अंगणात जाऊन बालवाडी मांडली. गुरं राखणारी मोठी पोरं येईनात, तर कुरणात शाळा नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. आधी अंघोळ, केस विंचरणं, मग गाणी, मग गोष्ट. जमैकाच्या चाळीसेक वर्षं आधीचं हे काम. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. पुरस्कार दिले की विचार पाळायची सक्ती राहत नाही, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज एकट्या महाराष्ट्रात लाखावर अंगणवाड्या आहेत. एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस चुलीपाशी. मग सेविकेचा दिवस बघा. वजन घ्या, उंची घ्या, सॅम-मॅमच्या, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांच्या, याद्या काढा, पाकिटं वाटा, लसीकरणाच्या दिवशी आया गोळा करा, गरोदर बायांच्या गृहभेटी करा, रजिस्टरं भरा, मध्येच कुठला तरी सर्व्हे, मध्येच मतदार यादी. मग या सगळ्या नोंदी भरायचं ॲप आलं. सरकारने दिलेले मोबाईल त्या ॲपने गुदमरायला लागले, आणि वर ॲपला मराठी येत नव्हतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. आता घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ॲपला पटावा लागतो. बाई रांगेत, पोर कडेवर, नेटवर्क गुल, आणि यंत्र म्हणतंय ओळख पटली नाही. गावातल्या प्रत्येकीच्या बाळंतपणाची तारीख पाठ असलेल्या सेविकेची ओळख सरकारला पुरत नाही.

यातून वेळ उरला तर पूर्वप्राथमिक शिक्षण.

तामिळनाडूत यावर एक साधा उपाय करून बघितला गेला. ६४० अंगणवाड्या घेतल्या, त्यांतल्या निम्म्यांना अर्ध्या दिवसाची एक जास्तीची बाई दिली. तिने फक्त तीन ते सहाच्या मुलांबरोबर बसायचं. नवी इमारत नाही, टॅब नाही, रंगरंगोटी नाही. मुलांना शिकवण्याचा वेळ दुपटीवर गेला. दीड वर्षानंतर भाषेत आणि गणितात मुलं ठळकपणे पुढे. आणि जुन्या सेविकेचे हात मोकळे झाल्याने ती पोषणाकडे बघू शकली, त्यामुळे खुरटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही उतरलं. संशोधकांच्या हिशेबाने फायदा खर्चाच्या कित्येक पट. अभ्यास नामांकित नियतकालिकात छापून आला, म्हणजे आता तो वाचायला कोणालाच वेळ मिळणार नाही.

आणि खर्च किती, हेही बघून घ्या. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये सेविकेचं मानधन तीन हजारांवरून साडेचार हजार केलं, मदतनिसाचं सव्वादोन हजार. महिन्याचं. वरची भर राज्याने घालायची. ती वाढावी म्हणून महाराष्ट्रातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या. त्या काळात अंगणवाड्यांना कुलूप होतं, आणि शहरातल्या किती जणांना ते कळलं, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नाही तर बरं. त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, एवढं ठरायला एप्रिल २०२२ उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. योजना सुरू होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षं उलटली होती.

देशाची ८५ टक्के बुद्धी जिच्या हातात दिली आहे, ती बाई सरकारी दफ्तरात कर्मचारी नाही, मानसेवी आहे. खासगीत ती 'स्टाफ' आहे आणि बदलता येते. सरकार असो की सोसायटीच्या तळमजल्यावरचं पाळणाघर, दोघांचं एका बाबतीत एकमत आहे: मुलांना सांभाळणं हे बायकांना उपजतच येतं, त्याला पैसे कसले? प्लंबरला नळ उपजत येत नाही, म्हणून त्याला व्हिजिट चार्ज.

तेव्हा जिल्हा परिषदेचा उमेदवार दारात आला की रस्ता आणि गटार विचाराच, पण एक प्रश्न जास्तीचा विचारा: आमच्या अंगणवाडीत दुसरी सेविका कधी देताय, आणि आहे तिला किती देताय? आणि ज्यांचं पोर फीवाल्या पाळणाघरात आहे, त्यांनी पुढच्या पालकसभेत स्मार्ट बोर्डाचा विषय निघाला की हात वर करून सांगावं, ते पैसे ताईंच्या पगारात घाला. बाकीचे पालक वळून बघतील. बघू द्या.